घड्याळ किती चुकलंय?

संगणकाचं घड्याळ चुकलेलं दिसलं की पहिली घाई होते ती वेळ नीट लावून मोकळं होण्याची. कोपऱ्यातल्या वेळेवर क्लिक करायचं, मोबाइलमध्ये पाहून मिनिटं भरायची, झालं. या प्रकरणात माझं सांगणं असं की तो हात थोडा वेळ आवरावा. घड्याळ किती चुकलंय, पुढे आहे की मागे, तासाभरात ती चूक वाढते की तेवढीच राहते, आणि शेजारच्या यंत्रांतही ती आहे का, एवढं आधी कागदावर लिहून घ्यावं. नेटवर्कवरच्या घड्याळांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या नोंदींतच सापडतं. वेळ दुरुस्त केली की तो पुरावा पुसला जातो, आणि चार दिवसांनी घड्याळ पुन्हा चुकलं की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

तक्रार घड्याळाच्या नावाने मात्र क्वचितच येते. ऑफिसात सोमवारी सकाळी कुणी म्हणतं, "पासवर्ड बरोबर आहे, तरी लॉगइन होत नाहीये." विंडोजच्या डोमेनमध्ये वापरकर्त्याची ओळख पटवण्याचं काम कर्बेरॉस ही पद्धत करते. कुणी जुना संदेश चोरून पुन्हा वापरू नये म्हणून ती प्रत्येक संदेशावरची वेळ तपासते आणि सहसा पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. घरी कुणाच्या संगणकावर एकही सुरक्षित वेबसाइट उघडत नाही, कारण प्रमाणपत्र आजचं आहे आणि यंत्राच्या मते अजून काही वर्षांपूर्वीची तारीख चालू आहे. मोबाइलमधल्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा सहा आकडी कोड दर तीस सेकंदांनी बदलतो आणि तो वेळेवरूनच काढलेला असतो; फोनचं घड्याळ दोन मिनिटं मागे असेल तर कोड बिनचूक टाइप करूनही चुकीचा ठरतो. अशा वेळी लोक पासवर्ड बदलतात, ब्राउझर पुन्हा टाकतात, कधी राउटर बदलतात. घड्याळाकडे पाहणं अगदी शेवटी सुचतं. ते सगळ्यात आधी सुचावं.

दोन घड्याळं आणि एक स्फटिक

संगणकात घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवर, बटणासारख्या तीन व्होल्टच्या सेलवर चालणारं, संगणक बंद असतानाही वेळ राखणारं. दुसरं ऑपरेटिंग सिस्टीमचं. संगणक सुरू होताना ते पहिल्याकडून वेळ घेतं आणि नंतर आपलं आपण मोजत राहतं. दोन्हींच्या मुळाशी क्वार्ट्झचा स्फटिक आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे: तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका.

स्फटिकाची चूक दशलक्षांशांत मोजतात. दहा लाखांत एक एवढी चूक म्हणजे दिवसाला ८६.४ मिलिसेकंद. साध्या स्फटिकात दहा लाखांत वीसची चूक सहज असते. तिचा हिशेब दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास आणि महिन्याला पन्नासेक सेकंद असा होतो. त्यात तापमान भर घालतं. हे स्फटिक साधारण २५ अंश सेल्सियसला नीट चालतील असे कापलेले असतात. त्याच्या वर किंवा खाली गेलं की ते मंदावतात आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतात. ४५ अंशांना ही घट दहा लाखांत तेरा-चौदा होते, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास. नागपुरात मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेलं यंत्र हिवाळ्यापेक्षा जास्त मागे का पडतं, याचं उत्तर इथे आहे. यंत्र बिघडलेलं नसतं, स्फटिक आपल्या स्वभावाप्रमाणे वागत असतो.

तेव्हा प्रत्येक घड्याळ चुकणारच. ती चूक सतत मोजून सतत सावरायची, हा नेटवर्कवरच्या वेळजुळणीचा गाभा. त्यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, सगळ्यांच्या तोंडी असलेलं एनटीपी. पुढे अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झालेले डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला आणि पुढची कित्येक वर्षं ते त्यावर काम करत राहिले. आज चालते ती चौथी आवृत्ती २०१० साली प्रमाणित झाली. मिल्स यांना जन्मतःच काचबिंदू होता आणि उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी गेली. जानेवारी २०२४ मध्ये ते वारले. आपल्या खिशातल्या फोनपासून शेअर बाजाराच्या सर्व्हरपर्यंत इतकी यंत्रं एका माणसाच्या हिशेबावर वेळ पाळत असावीत, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तो हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. आपलं यंत्र सर्व्हरला एक छोटं पॅकेट पाठवतं आणि निघण्याची वेळ टिपतं. सर्व्हर ते मिळाल्याची वेळ टिपतो, उत्तर पाठवण्याची वेळ टिपतो. उत्तर आलं की आपलं यंत्र चौथी वेळ टिपतं. समजा, आपल्या घड्याळाप्रमाणे पॅकेट बरोबर दहा वाजता निघालं. सर्व्हरने लिहिलं: मिळालं दहा वाजून २,०३० मिलिसेकंदांनी, परत धाडलं २,०३१ ला. आपल्याकडे उत्तर पोचलं तेव्हा आपल्या घड्याळात दहा वाजून ६१ मिलिसेकंद झाले होते. जाऊन-येऊन एकूण ६१ मिलिसेकंद लागले, त्यातला एक सर्व्हरने स्वतःकडे घालवला, म्हणजे प्रवास ६० चा. जाताना ३० आणि येताना ३० धरले, तर पॅकेट पोचलं तेव्हा आपल्या घड्याळात ३० असायला हवे होते. सर्व्हरकडे २,०३० होते. आपण बरोबर दोन सेकंद मागे आहोत.

या हिशेबात एक गृहीत लपलेलं आहे: जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. मुंबई-पुणे प्रवासात घाट चढायला आणि उतरायला सारखाच वेळ लागतो असं धरून चालण्यासारखंच हे आहे. कधी खरं, कधी नाही. समजा जाताना १० मिलिसेकंद लागले आणि येताना ५०. प्रवास तरीही ६० चाच दिसेल, पण आपल्या मागे पडण्याचं उत्तर २,००० ऐवजी १,९८० मिलिसेकंद येईल. चूक वीसची, म्हणजे दोन वाटांतल्या फरकाच्या निम्मी. कितीही वेळा विचारलं तरी ती निघत नाही, कारण चारही वेळा आपापल्या जागी खऱ्याच असतात. घरच्या ब्रॉडबँडवर कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करत असताना घड्याळ थोडं सरकतं, ते याच कारणाने: एकाच बाजूची वाट तुंबलेली असते. सगळे सर्व्हर उत्तर देतात आणि तरी काही मिलिसेकंदांचा फरक जातच नाही, असं दिसलं तर सर्व्हर बदलण्याआधी वाट तपासावी आणि जवळचा सर्व्हर निवडावा. प्रवास ६० चा असेल तर या कारणाने होणारी चूक ३० च्या पुढे जाऊच शकत नाही. प्रवास ४ चा असेल तर २ च्या पुढे नाही.

आकडा काय सांगतो

कागदावरच्या पहिल्या नोंदीकडे, फरकाच्या आकड्याकडे येऊ.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर नेटवर्कला दोष देऊ नये. एनटीपी फक्त जागतिक प्रमाणवेळ वाहून आणतं. टाइमझोन त्याला ठाऊकच नसतो. भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे, हा हिशेब ऑपरेटिंग सिस्टीम करते. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेली मुलं कॉलेजात खूप भेटतात आणि त्यांची ही ठरलेली तक्रार असते: लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे. कारण विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं मानतं आणि लिनक्स तिथे जागतिक वेळ लिहून ठेवतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत शिकवली की तक्रार कायमची मिटते. पुण्यात बसून अमेरिकेतले सर्व्हर सांभाळणाऱ्यांना साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा फरक ओळखीचा असतो. न्यूयॉर्कच्या उन्हाळी आणि हिवाळी वेळेचा तो खेळ आहे. मार्च किंवा नोव्हेंबरमध्ये अचानक एका तासाची चूक निघाली, तर टाइमझोनची माहिती जुनी राहिली आहे का ते पाहावं.

फरक कित्येक वर्षांचा असेल आणि तारीख एखाद्या जुन्या १ जानेवारीवर जाऊन बसली असेल, तर बटण सेल संपलेला आहे. डेस्कटॉपमध्ये हा दोष बरेच दिवस लपून राहतो, कारण प्लगला वीज चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय त्या घड्याळाला थोडा विद्युतप्रवाह देत असतो. शनिवारी संध्याकाळी ऑफिसचा मेन स्विच बंद झाला की सेलवर भार येतो आणि सोमवारी तारीख पडलेली असते. म्हणूनच "फक्त सोमवारीच होतं" हे वाक्य ऐकलं की मी पहिल्यांदा सेलचा विचार करतो. पुढे आणखी एक अडचण असते. इंटरनेट आल्यावर विंडोज स्वतःच वेळ सुधारेल अशी आपली अपेक्षा असते, पण डोमेनमध्ये नसलेलं विंडोज सहसा पंधरा तासांपेक्षा मोठी दुरुस्ती स्वीकारत नाही; लिनक्सवरचं जुनं एनटीपी सॉफ्टवेअर एक हजार सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की, आधी तशी मुभा दिलेली नसेल तर, स्वतःच बंद होतं. ही सावधगिरी रास्त आहे, कारण इतका मोठा फरक असेल तर चूक सर्व्हरचीही असू शकते. तारीख एकदा हाताने जवळपास आणून ठेवावी लागते, आणि सेल बदलावा लागतो. तीस-चाळीस रुपयांच्या सेलसाठी मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला ऐकू नये.

रास्पबेरी पायच्या पाचव्या मॉडेलच्या आधीच्या बोर्डांवर तर हे घड्याळच नाही. बंद होताना लिहून ठेवलेली वेळ ते सुरू होताना उचलतात आणि नेटवर्कची वाट पाहतात. कित्येक तास वीज गेलेल्या शेतातला असा बोर्ड इंटरनेट येईपर्यंत कालच्याच वेळेने हवामानाच्या नोंदी लिहीत असतो.

फरक ठीक अठरा सेकंदांचा असेल, तर बोट जीपीएसकडे जातं. जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० पासून अखंड मोजली जाते. जागतिक वेळेत मात्र त्यानंतर अठरा लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखणारे जादा सेकंद, घातले गेले. एखादा रिसीव्हर ही वजाबाकी करायला विसरला, किंवा नुकताच सुरू झाल्यामुळे उपग्रहाकडून तो आकडा त्याला अजून मिळालेला नसला, तर त्याच्या मागे चालणारी सगळी यंत्रं अठरा सेकंद पुढे जातात. ३७ सेकंदांचा फरक त्याच घराण्यातला: अणुघड्याळांची अखंड वेळ आणि जागतिक वेळ यांत तेवढं अंतर आहे, आणि कारखाने, टेलिकॉम यांत वापरला जाणारा पीटीपी हा अधिक काटेकोर प्रोटोकॉल सहसा ती अणुवेळच वाहतो. आणि घड्याळ १९ वर्षं साडेसात महिने मागे गेलं असेल, तर तेही जीपीएसच. त्याच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत लिहिलेला असल्यामुळे १,०२४ आठवड्यांनंतर मोजणी शून्यावर येते. असं १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये झालं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जीपीएसडी या खूप वापरात असलेल्या सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्या एका चुकीच्या ओळीमुळे घड्याळ मार्च २००२ वर नेणार होत्या. दोष आधीच लक्षात आल्याने ज्यांनी वेळेवर अपडेट केलं ते वाचले.

सर्व्हर बोलतोय का?

चूक दिवसाला सेकंद-दोन सेकंदांनी हळूहळू वाढत असेल तर घड्याळ स्वतःच्या स्फटिकावर चाललं आहे. त्याला सांभाळणारं कुणी नाही. विंडोजमध्ये वेळेच्या सेवेची स्थिती विचारली आणि स्रोत म्हणून 'लोकल सीमॉस क्लॉक' असं नाव आलं, तर तेच निश्चित होतं. लिनक्सवर एनटीपीच्या यादीत जास्त खोल माहिती मिळते आणि ती वाचायला प्रत्येक अ‍ॅडमिनने शिकावं असं मला कळकळीने वाटतं.

यादीत प्रत्येक सर्व्हरसमोर 'रीच' नावाचा रकाना असतो. तिथे ३७७ दिसलं की सगळं ठीक, एवढं पाठ करून लोक थांबतात. हा आकडा आठ बिटांचा आहे आणि अष्टमान पद्धतीत लिहिलेला आहे. दर विचारणीला एक बिट आत सरकतो: उत्तर आलं तर एक, नाही आलं तर शून्य. सेवा नुकतीच सुरू केली असेल तर आकडा १, ३, ७, १७, ३७ असा चढत ३७७ ला पोचतो. चौसष्ट सेकंदांनी एक विचारणी धरली तर त्याला साडेआठ मिनिटं लागतात. या आठ मिनिटांत घाबरून सेवा पुन्हा-पुन्हा सुरू करणारे मोजणी दर वेळी शून्यावर नेतात. ३७६ म्हणजे फक्त शेवटचं उत्तर चुकलं. मध्येच शून्यं विखुरलेली असतील तर लाइन पॅकेट गाळते आहे. आणि शून्यच असेल तर शेवटच्या आठ विचारण्यांत एकही उत्तर आलेलं नाही.

शून्य असताना पिंग केलं तर सर्व्हर सापडतो, म्हणून लोक गोंधळतात. पिंगची वाट वेगळी, एनटीपीची वेगळी: एनटीपी यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतं. त्याहून फसवा प्रकार म्हणजे हाताने एकदा विचारलं की उत्तर येतं आणि सेवेला मात्र कधीच येत नाही. हाताने विचारणारं साधन पाठवताना कुठलंही मोठ्या क्रमांकाचं पोर्ट वापरू शकतं. जुनी एनटीपी सेवा मात्र पाठवतानाही १२३ च वापरते, आणि नेमकं तेच फायरवॉलने अडवलेलं असतं. या कडकपणामागे इतिहास आहे. २०१३-१४ मध्ये जुन्या एनटीपी सर्व्हरांच्या एका कमांडचा गैरवापर करून हल्ले झाले: खोट्या पत्त्यावरून छोटा प्रश्न विचारायचा आणि शेकडो पट मोठं उत्तर त्या पत्त्याच्या मालकावर ओतायचं. २०१४ च्या फेब्रुवारीत असा एक हल्ला सेकंदाला ४०० गिगाबिटांच्या घरात गेला. तेव्हापासून अनेक सेवादारांनी या पोर्टवर निर्बंध घातले. नवीन क्रोनी हे सॉफ्टवेअर विचारताना दर वेळी वेगळं पोर्ट घेतं, त्यामुळे हा त्रास त्यात कमी होतो.

कुणाकुणाला विचारावं

चौथी नोंद आठवावी: चूक एकाच यंत्रात आहे की सगळ्यांत? सगळी यंत्रं सारखीच चुकत असतील तर त्यांचा मुख्य सर्व्हरच वाट चुकला आहे. बंद नेटवर्कमध्ये हे हमखास होतं. कुणीतरी एका सर्व्हरला स्वतःच्याच स्फटिकावर विश्वास ठेवायला सांगून ठेवलेलं असतं, तो ठामपणे वेळ सांगत राहतो आणि बाकीचे निष्ठेने त्याच्या मागे जातात. आतल्या सगळ्या घड्याळांचं एकमेकांशी उत्तम जुळतं, म्हणून चूक बाहेरचा माणूस येईपर्यंत कळत नाही.

एकच सर्व्हर ठेवला तर त्याची चूक ओळखता येत नाही. दोन ठेवले आणि दोघांत फरक पडला तर कोण खरं ते ठरत नाही. तीन असतील तर बहुमत होतं, चार असतील तर त्यांतला एक बंद पडला तरी बहुमत टिकतं. एनटीपी हे मत रीतसर मोजतं आणि खोटं बोलणाऱ्या सर्व्हरसमोर यादीत फुली मारतं. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकी नौदल वेधशाळेचे 'टिक' आणि 'टॉक' हे दोन नामांकित सर्व्हर तासाभरासाठी २००० साल सांगू लागले. वेधशाळेचं नाव पाहून ज्यांनी याच दोघांवर भिस्त ठेवली होती, त्यांचे डोमेन कंट्रोलर बारा वर्षं मागे गेले आणि लॉगइन कोलमडली. या दोघांखेरीज स्वतंत्र ठिकाणचे आणखी चार सर्व्हर ठेवणाऱ्यांना त्या दिवशी यादीत फक्त दोन फुल्या दिसल्या असत्या.

भारतात यासाठी घरचा आधार आहे. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर राखते, आणि तिचे तसंच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे एनटीपी सर्व्हर उपलब्ध आहेत. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार सेवादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपली यंत्रं या सर्व्हरांशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरांशी जुळवायची आहेत. हा नियम मला मोलाचा वाटतो. सायबर हल्ल्याचा तपास म्हणजे फायरवॉल, मेल सर्व्हर आणि डेटाबेस यांच्या नोंदी एका ओळीत लावणं. फायरवॉल चाळीस सेकंद पुढे असेल तर हल्लेखोर आत येण्याआधीच बाहेर पडल्यासारखा दिसतो.

मागे-पुढे उड्या मारणारी घड्याळं

चूक वाढते, एकदम शून्यावर येते, पुन्हा वाढते. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा. इथे एका घड्याळावर दोन हात आहेत. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे फार दिसतं: खालचा यजमान संगणक पाहुण्याची वेळ आपल्या मते लावतो, आणि पाहुण्यातलं एनटीपी ती पुन्हा आपल्या मते. कुणातरी एकालाच काम द्यावं. व्हर्च्युअल मशीन थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू केलं की त्याचं घड्याळ थांबल्या क्षणीच अडकलेलं असतं, हेही लक्षात ठेवावं.

एका सेकंदाची चूक निघाली तर कॅलेंडर पाहावं. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला १९७२ पासून २७ लीप सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. आपल्याकडे तो १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला पडला. २०१२ च्या जून अखेरचा लीप सेकंद मात्र जास्त त्रासाचा ठरला. लिनक्सच्या गाभ्यातल्या एका दोषामुळे त्या सेकंदानंतर अनेक सर्व्हरांचे प्रोसेसर विनाकारण पूर्ण वेगाने फिरत बसले. रेडिट बंद पडलं, ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या प्रवाशांचं चेक-इन अडलं. घड्याळाला त्याचीच वेळ पुन्हा एकदा सेट करून दिली की यंत्र शांत होत होतं. असे घोटाळे टाळायला गूगलसारख्या कंपन्या तो सेकंद चोवीस तासांवर पसरून देतात. पद्धत चांगली, पण असा सर्व्हर आणि साधा सर्व्हर एकाच यादीत ठेवला तर त्या दिवशी दोघांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो आणि यंत्राला कुणाचं ऐकावं कळत नाही. २०३५ पर्यंत लीप सेकंदांची ही रीत थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय २०२२ मध्ये झाला आहे.

मग दुरुस्ती

कारण कळलं की वेळ लावायची, पण चालू सर्व्हरवर घड्याळ एकदम मागे नेऊ नये. डेटाबेस, बॅकअप, बिलिंग यांच्या मते वेळ कधी मागे जात नाही, आणि तसं झालं की एकच मिनिट दोनदा नोंदलं जातं. एनटीपीची रीत घड्याळाचा वेग किंचित बदलण्याची आहे. जुन्या सेवेत ही मर्यादा सेकंदाला अर्धा मिलिसेकंद. एक सेकंदाची चूक अशी भरून काढायला ३३ मिनिटं लागतात, आणि दहा मिनिटांची काढायची म्हटली तर जवळपास चौदा दिवस. तेव्हा मोठी चूक यंत्र सुरू होताना, बाकीच्या सेवा उठण्याआधी, एका उडीत काढावी आणि पुढचं सावकाश सोपवावं. क्रोनीमध्ये तशी सोय पहिल्या काही विचारण्यांपुरती ठेवता येते. ही सॉफ्टवेअरं आपल्या स्फटिकाची चाल शिकून एका छोट्या फाइलमध्ये लिहितात. जुन्या सेवेच्या त्या फाइलमध्ये ५०० हा कमाल आकडा चिकटून बसलेला दिसला तर ती फाइल काढून सेवा नव्याने सुरू करावी, आणि तरी आकडा तिथेच गेला तर स्फटिक किंवा व्हर्च्युअल मशीनची मांडणी तपासावी.

एक यंत्र मात्र असं आहे की कारण कळल्यावरही त्याच्या घड्याळाला लगेच हात लावू नये. सोसायटीत चोरी झाली, पोलिस सीसीटीव्ही फुटेज मागायला आले, आणि डीव्हीआर अकरा मिनिटं मागे आहे असं कुणाच्या लक्षात आलं, तर सेक्रेटरींनी उत्साहाने वेळ दुरुस्त करू नये. डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि फोनवरची वेळ एकाच चौकटीत येतील असा फोटो काढावा, फरक आणि दिशा लिहून ठेवावी, हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि पोलिसांना ते दाखवावं. त्या एका आकड्याने सगळं फुटेज खऱ्या वेळेवर आणता येतं; घड्याळ आधीच हलवलं तर आधीचं आणि नंतरचं फुटेज वेगवेगळ्या मापाने मोजावं लागतं आणि वकिलाला शंका काढायला जागा मिळते. फुटेज कॉपी झालं की मग मेनूत जाऊन एनटीपी चालू करावं, आणि त्याच पानावर टाइमझोनही पाहावा. चीनमध्ये बनलेल्या बऱ्याच डीव्हीआरमध्ये तो चीनचाच असतो, आणि तसाच राहिला तर अकरा मिनिटं मागे असलेला डीव्हीआर जुळणी होताक्षणी अडीच तास पुढे जाऊन बसतो.